बाबासाहेबही कोलमडले होते

बाबासाहेबांनी एवढं सोसलं, मग तुला काय झालं? मलकापुरात समाजकार्य करताना हे वाक्य फार ऐकू येतं. परीक्षेत नापास झालेल्या किंवा हॉस्टेलवर जातीचे टोमणे खाऊन घरी परतलेल्या पोरांना ते घरचेच ऐकवतात. हेतू वाईट नसतो, पण बाबासाहेबांचं चरित्र वेगळंच सांगतं.

१९१७ साली कोलंबियात शिकून आलेले भीमराव बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून जात लपवून पारशी धर्मशाळेत उतरले. काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून हाकललं. आसरा कुणीच देईना, तेव्हा बागेत झाडाखाली बसून ते रडले. वय २६. अशा माणसाला केवळ विचार बदलायला सांगून भागलं असतं का? तशी उपचारपद्धती आज आहे आणि ती उपयोगीही आहे. पण दुखणं त्यांच्या मनात असलं, तरी त्याचं कारण बडोद्यात होतं.

पुढे घरातली मुलं एकामागून एक गेली. जुलै १९२६ मध्ये लाडका राजरत्नही गेला. चार लेकरं गमावल्याचं आणि जगण्यातला रसच संपल्याचं त्यांनी पुढच्या महिन्यात दत्तोबा पवारांना पत्रात मोकळेपणाने कळवलं. रडू लपवलं नाही, माणूस शोधला. असा माणूस जवळ नसेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत सरकारी नंबर आहे. मराठीत बोलता येतं.

राजरत्न गेल्यानंतर आठ महिन्यांनी महाडचा सत्याग्रह झाला. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या आणि ऑक्टोबरात येवल्याची घोषणा झाली. दुःख झटकलं की क्रांती होते, असा अर्थ मात्र यातून कुणी काढू नये. त्यांचा शोक खरा होता आणि त्याला वेळ लागला.

१९५६ मध्ये अल्जेरियातले मनोविकारतज्ज्ञ फ्रांत्झ फॅनन यांनी सरकारी रुग्णालयाचा राजीनामा दिला. वसाहतीची सत्ताच माणसांना आजारी पाडत असेल, तर तिची नोकरी करत त्यांना बरं करता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली.

तेव्हा ते बुद्धावरचा ग्रंथ लिहीत होते. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा त्यांना पटली नव्हती. त्यांनी कारण दाखवलं ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेल्या भांडणात. ग्रंथ १९५७ मध्ये छापून आला, तेव्हा ते नव्हते.