धूर की गारठा?

गेल्या आठवड्यात महाळुंगे पडवळच्या आमच्या घरी मी पाव करायचा घाट घातला. कुकरची शिट्टी काढली, तळाशी मीठ पसरलं, सगळं केलं. पण मैदा फुगलाच नाही, बाहेर आली ती वीट! घरचे पोटभर हसले नि रात्री भाकऱ्या टाकल्या. मैत्रिणींनो, तेव्हा मला डॉ. आनंदीबाई जोशी आठवल्या. स्वयंपाक बिघडला तर त्यांना भाकरी टाकून द्यायला कोण होतं?

१८६५ साली जन्मलेली ही कल्याणची यमू. ९व्या वर्षी लग्न. १४व्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं नि डॉक्टर व्हायचं तिनं मनात घेतलं. नवरा, गोपाळराव, मुलखावेगळा. बायको अभ्यास सोडून चुलीपाशी दिसली की मारायचासुद्धा. (आपण उलटंच ऐकलेलं!)

१८८३ साली आनंदीबाई नवऱ्याशिवाय अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाची कडाक्याची थंडी, अंगावर लुगडं, खाणं शाकाहारी, म्हणजे आपलं आपणच रांधायचं. खोलीतली चूल धड नव्हती. पेटवली की धूर कोंडायचा, न पेटवावी तर गारठा. अभ्यास मात्र डोंगराएवढा. तब्येत खालावत गेली.

११ मार्च १८८६ला पदवी मिळाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली, पण क्षयानं गाठलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेला पाठवली. तिथे ज्यांनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं, त्या कार्पेंटरबाईंनी ती आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवली.