सर्गेई कोरोलेव

सर्गेई कोरोलेव यांचा जन्म १९०७ साली युक्रेनमधील झितोमिर या गावी झाला. लहानपणापासून त्यांना विमानांचे वेड होते. पुढे ते इंजिनिअर झाले व रॉकेट बनवू लागले. १९३८ मध्ये खोट्या आरोपावरून त्यांना अटक झाली. कोलिमा या अतिशय थंड प्रदेशातील सोन्याच्या खाणीत त्यांना मजुरी करावी लागली. तेथे त्यांची तब्येत ढासळली. पण जिद्द मोडली नाही. १९४४ मध्ये सुटका झाल्यावर ते पुन्हा आपल्या कामाला लागले.

त्यांच्या देखरेखीखाली आर-७ हे मोठे रॉकेट तयार होऊ लागले. तेव्हा एक अवघड प्रश्न पुढे आला. इंधन संपले तरी रिकाम्या टाक्यांचे ओझे उरतेच. म्हणून रॉकेटचे भाग करायचे आणि काम झालेला भाग वाटेतच सोडून द्यायचा. पण मग पुढच्या भागाचे इंजिन उंच आकाशात पेटवावे लागणार. तेथे ते पेटेल, याची त्या काळी खात्री नव्हती.

कोरोलेव यांनी मधल्या भागाभोवती चार भाग जोडले. पाचही इंजिने जमिनीवरच पेटवायची, असे ठरले. सर्व इंजिने पेटल्यावरच त्यांचा जोर पायरीपायरीने वाढवीत. उड्डाणानंतर सुमारे दोन मिनिटांनी बाजूचे चार भाग गळून पडत. मधले इंजिन मात्र चालूच राही.

१५ मे १९५७ रोजी पहिले उड्डाण झाले. बाजूच्या एका भागाला आग लागली आणि रॉकेट कोसळले. जुलैमधील उड्डाणही फसले. कोरोलेव खचले नाहीत. २१ ऑगस्टला यश आले आणि ४ ऑक्टोबर १९५७ रोजी याच रॉकेटने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात नेला.

माणसाला अंतराळात नेण्यासाठी रॉकेटवर आणखी एक भाग बसवला गेला. त्याचे इंजिन मात्र आकाशातच पेटवावे लागे. खालचे इंजिन थांबले, की टाकीतील इंधन तळाशी न राहता तरंगू लागते. म्हणून खालचे इंजिन पूर्ण थांबण्याआधीच वरचे पेटवीत. ज्वाला बाहेर पडाव्यात म्हणून दोन्ही भागांमध्ये उघडी जाळी ठेवलेली असे. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन अशाच रॉकेटने अंतराळात गेले.

सरकारने कोरोलेव यांचे नाव गुप्त ठेवले होते. १४ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा कोठे जगाला ते कळले. १९८४ मध्ये आपले राकेश शर्मा ज्या रॉकेटने गेले, तेही आर-७ च्याच घराण्यातले होते. मुलांनो, रॉकेटमध्ये जोर तर हवाच. पण तो योग्य वेळी, योग्य क्रमाने लागला तरच यान वर जाते.