उमाजी नाईक आणि ओलीस ठेवलेली मुले

भोरजवळच्या उत्रोळी गावी डिसेंबर १८३१ मध्ये उमाजी नाईक इंग्रजांच्या हाती लागले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली. एवढा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील एका प्रकरणाकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

उमाजींचा जन्म १७९१ साली पुरंदरच्या परिसरातील भिवडी गावी, किल्ल्याच्या रखवालीची परंपरा असलेल्या रामोशी घराण्यात झाला. १८१८ साली पेशवाई बुडाली, गडांवरील शिबंदी मोडली आणि रखवालीवर जगणारे हात रिकामे झाले. नव्या राज्याने जुने हक्क काढून घेतले, पण दुसरी उपजीविका दिली नाही. बंडाचे मूळ या व्यवहारात आहे. तुरुंगवासात लिहिणे-वाचणे शिकलेल्या उमाजींचा दरारा पुढे सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत पसरला. भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

फौजा पाठवून आणि बक्षिसे लावूनही ते सापडेनात, तेव्हा सरकारने त्यांची पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी यांना कैदेत टाकले. पलटणींना न नमलेला हा पुरुष लेकरांसाठी शरण आला. त्यांना माफी मिळाली, नोकरीही मिळाली. पण ही तडजोड टिकली नाही. १८३१ साली त्यांनी इंग्रजी अंमलाविरुद्ध जाहीरनामा काढला. अखेर दहा हजार रुपयांच्या इनामाने फितुरी साधली.

मुलांना तारण ठेवून बापाला वाकविण्याची ही रीत एका बंडापुरती होती, असे मानणे चूक ठरेल. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचली. येथे अपराध सिद्ध व्हावा लागत नव्हता. जन्म हाच पुरावा होता. १९५२ साली हा कायदा देशभर रद्द झाला. रामोशी समाज आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे.

ऑस्ट्रेलियाच्या संसदेत १३ फेब्रुवारी २००८ रोजी मूळ रहिवाशांच्या हिरावून नेलेल्या मुलांबद्दल सरकारने जाहीर क्षमा मागितली. तत्पूर्वी त्या देशात चौकशी झाली, पीडितांच्या साक्षी नोंदल्या गेल्या आणि सामान्य नागरिकाला आपल्या राज्याने काय केले ते कळले. आपल्याकडे कायदा गेला, पण त्याची जाण समाजात रुजली नाही. म्हणूनच गावात चोरी झाली की संशयाचे बोट आजही ठरावीक वस्त्यांकडे वळते, आणि त्या वस्तीतले मूल शाळेत मागच्या बाकावर बसते.

उमाजींचे पहिले चरित्र १८३३ साली प्रसिद्ध झाले, आणि तेही त्यांच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉश यानेच लिहिले. त्यांच्या पराक्रमाचे पोवाडे आपण गातो ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या मुलांच्या कैदेचा आणि १८९७ च्या त्या तरतुदीचा धडा जोवर वर्गात शिकवला जात नाही, तोवर हा इतिहास आपल्याला अर्धाच कळलेला असेल.