राजा दीनदयाळ : प्रकाशाचा हिशेब जाणणारा कलावंत

फुलासमोर हवेत थरथरणाऱ्या शिंजिराचा फोटो कधी घेऊन पाहा. बहुधा पंखांच्या जागी नुसता धूसर डाग उमटतो. प्रकाश किती घ्यावा आणि किती वेळ घ्यावा या हिशेबाला एक्स्पोजर म्हणतात. तो चुकला की चित्र बिघडलेच! आपल्या हैदराबादेत राहून ज्यांनी हा हिशेब आयुष्यभर मांडला, त्या राजा दीनदयाळ यांचा हा अल्प परिचय.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ साली ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले. काम नकाशे व अंदाजपत्रके करण्याचे. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना उत्तेजन दिले.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे मोठा खटाटोप असे. काचेवर रसायन ओतायचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची आणि लगेच अंधारात नेऊन धुवायची. एक्स्पोजरला काही सेकंद सहज लागत. देवळे व किल्ले स्थिर असतात, त्यांचे फोटो उत्तम येत. पण हत्तीने कान हलवला की तो पुसट झालाच म्हणून समजा. १८८० च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात रुळल्या आणि सेकंदाच्या अल्पांशात चित्र घेणे शक्य झाले. मात्र वेळ कमी केला की प्रकाश अपुरा पडतो. तो वाढवण्यासाठी भिंगाचे छिद्र मोठे करावे, तर पुढचे-मागचे अस्पष्ट होते. विजेवर चालणारा प्रकाशमापक तेव्हा नव्हता. ऊन पाहून मनाशी अंदाज बांधायचा, हा नेहमीचा मार्ग. अंदाजपत्रके करणाऱ्या या गृहस्थांना ती सवय होतीच!

पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. १८८६ च्या सुमारास सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ उभा राहिला. वेरूळ आणि दौलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथील चित्रेही त्यांनी घेतली. लेण्यातील काळोख, लष्करी कवायतीचे ऊन आणि दरबारातील झुंबरे यांना एकच माप कसे चालणार? १८९२ साली पडद्यातील स्त्रियांसाठी त्यांनी हैदराबादेत स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला व तो केनी-लेविक या इंग्रज बाईंकडे सोपवला. निजामाने त्यांना 'राजा बहादूर मुसव्विर जंग' हा किताब दिला. १८९६ साली मुंबईत शाखा निघाली.

१९०३ च्या दिल्ली दरबारातील हत्तींची मिरवणूक त्यांच्या संस्थेने टिपली. मिरवणूक फोटोसाठी माघारी फिरत नाही. झडप उघडण्याआधीच हिशेब पक्का झालेला असावा लागतो. ५ जुलै १९०५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

शास्त्र पुढे गेले. अमेरिकेत हमिंगबर्ड नावाचा चिमुकला पक्षी आहे. त्याच्या अनेक जातींचे पंख सेकंदाला पन्नासाच्या आसपास वेळा हलतात. १९३० च्या दशकात हॅरोल्ड एजर्टन यांनी विजेच्या क्षणिक लखलखाटाने ते पंख चित्रात थांबवले. येथे एक्स्पोजर झडपेच्या वेगावर नव्हे, तर लखलखाट किती क्षणभंगुर आहे यावर ठरते. दिवा किती प्रखर व पक्ष्यापासून किती दूर, हे आधीच मोजून ठेवावे लागते. साधन बदलले, हिशेब मात्र तोच राहिला.

दीनदयाळ यांच्या २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने संग्रहासाठी घेतल्या. २००६ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. आज आपल्या खिशातील फोन हा हिशेब आपणहून करतो. परंतु शिंजीर समोर आला की फोनही गोंधळतो. अशा वेळी स्वतः प्रकाश ओळखणारा डोळाच कामी येतो आणि तो सरावाशिवाय लाभत नाही, हे विद्यार्थी मित्रांनी या थोर हैदराबादकराकडून अवश्य शिकावे.