हिशेबनिसाची आगगाडी

पूर्णा जंक्शनवर ज्यांनी कधी गाडी बदलली आहे, त्यांना रुळांच्या रुंदीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. मनमाड-सिकंदराबाद मार्गावर ब्रॉडगेजच्या गाड्या धावू लागल्या तरी पूर्णेहून हिंगोली, अकोल्याकडे जाणारा फाटा पुढे बरीच वर्षे मीटरगेजच राहिला. एका मार्गाचे रूळ १,००० मिलिमीटर अंतरावर, तर दुसऱ्याचे १,६७६ मिलिमीटरवर. एवढ्या फरकापायी प्रवाशांना ट्रंका, बोचकी आणि लहान मुले सांभाळत दुसरी गाडी गाठावी लागे. २००८ मध्ये अकोला मार्गाचेही ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि मीटरगेजची इंजिने व डबे त्या मार्गावरून कायमचे गेले. त्यांच्यात काही बिघाड होता असे नव्हे. त्यांच्याखालचा रूळ राहिला नाही, इतकेच.

खेळण्यातल्या रेल्वेचे नशीब या बाबतीत थोरले निघाले. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात १९२० मध्ये तयार झालेले, चावी देऊन चालणारे पत्र्याचे एखादे इंजिन आज हाती लागले, तर त्याच रुंदीचे, खेळण्यासाठीच बनवलेले नवे रूळ अजूनही मिळतात आणि ते इंजिन त्यावर धावते. त्यासाठी फार मोठी रक्कमही मोजावी लागत नाही. हे ज्यांच्यामुळे शक्य झाले ते फ्रँक हॉर्नबी इंजिनिअर नव्हते, कारागीरही नव्हते. ते हिशेबनीस होते.

हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूलमध्ये कॉपरस हिल या रस्त्यावर झाला. हा रस्ता लाइम स्ट्रीट स्थानकाला लागूनच आहे. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू होऊन तेव्हा ३३ वर्षे झाली होती. म्हणजे आगगाडी ही त्या शहराच्या घरचीच गोष्ट. वडील जॉन हॉर्नबी यांचा किराणा व खाद्यपदार्थांचा व्यापार होता. सोळाव्या वर्षी शाळा सोडून फ्रँक वडिलांच्या पेढीत रोखपालाचे काम करू लागले. १८८७ मध्ये क्लारा गॉडफ्री या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. १८९९ मध्ये वडील वारले, पेढी बंद पडली आणि ३६ वर्षांच्या या संसारी माणसाला डेव्हिड एलियट यांच्या मांस आयात करणाऱ्या कंपनीत हिशेबनिसाची नोकरी धरावी लागली. आयुष्याचा निम्मा काळ सरत आला असताना कोणी त्यांच्याविषयी काही भाकीत केले असते, तर ते फारसे उत्साहवर्धक नसते.

रोलँड आणि डग्लस या आपल्या दोन मुलांसाठी घरच्या घरी पत्रा कापून पूल, क्रेन, मालट्रक बनवण्याचा छंद मात्र त्यांना होता. अडचण अशी की, क्रेनसाठी कापलेले तुकडे पुलाला उपयोगी पडत नसत. प्रत्येक खेळण्यासाठी नवा पत्रा, नवे माप आणि पुन्हा पहिल्यापासून मेहनत. एका रेल्वेप्रवासात खिडकीतून क्रेन दिसली आणि उपाय सुचला, असे सांगितले जाते. उपाय साधा होता. अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या घ्यायच्या, त्यांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर छिद्रे पाडायची आणि नट-बोल्टने त्या जोडायच्या. आज क्रेन, उद्या ती उकलून पूल. खर्च एकदाच, वापर कितीही वेळा. ही कल्पना हिशेब लिहिणाऱ्याला सुचावी यात नवल वाटू नये.

जानेवारी १९०१ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्याच्या खर्चासाठी मालक एलियट यांच्याकडून पाच पौंड उसने घ्यावे लागले. पुढे एलियट भागीदार झाले आणि व्यवसायाला त्यांनीच आधार दिला. मात्र १९०८ मध्ये कंपनी स्थापन झाली तेव्हा धुरा एकट्या हॉर्नबी यांच्याकडे आली. खेळण्यांच्या शौकिनांना आज एलियट हे नाव क्वचितच आठवते. पाच पौंडांची ती रक्कम आठवणीत राहायला हरकत नव्हती.

१९०२ मध्ये पहिले संच लिव्हरपूलच्या बाजारात आले. त्यात १६ प्रकारचे सुटे भाग होते आणि १२ नमुने कसे जोडावेत हे सांगणारे पत्रक होते. पुढल्या वर्षी १,५०० संच विकले गेले, पण नफा शून्य. पहिला किरकोळ नफा दिसायला १९०६ उजाडावे लागले. लिव्हरपूल विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांनी या खेळण्याला दिलेला पाठिंबा त्या काळात मोलाचा ठरला. सप्टेंबर १९०७ मध्ये 'मेकॅनो' हे नाव नोंदवले गेले. हे नाव मराठी घरांनाही परके नाही. 'मेकॅनिक्स' या नावाच्या भारतीय संचाशी ज्यांचे बालपण जोडलेले आहे, ते नकळत याच हिशेबनिसाचे ऋणाईत आहेत.

१९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनोचा मोठा कारखाना उभा राहिला आणि त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. खेळण्यातल्या आगगाड्यांवर तोवर जर्मन कारखानदारांचे राज्य होते. मार्कलिन या कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक रुंदीच्या रुळांची पद्धत मांडली होती आणि बिंगसारख्या कंपन्यांच्या गाड्या इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर खपत होत्या. युद्धाने ही आयात थांबवली. युद्ध संपल्यावरही जर्मन मालाविषयीची चीड कायम होती. रिकामी झालेली ही जागा हॉर्नबी यांनी १९२० मध्ये भरून काढली.

येथे त्यांनी केलेल्या दोन निवडी महत्त्वाच्या आहेत. पहिली रुळाच्या रुंदीची. स्वतःची वेगळी रुंदी काढून गिऱ्हाइकाला बांधून ठेवण्याचा मोह कोणत्याही कारखानदाराला झाला असता. हॉर्नबी यांनी मात्र बाजारात रुळलेले, ३२ मिलिमीटरचे 'ओ गेज' स्वीकारले. दुसऱ्या कंपनीचे रूळ ज्या मुलाकडे आधीच होते, त्याची गाडी त्यामुळे अडली नाही. दुसरी निवड बांधणीची. पहिली हॉर्नबी गाडी मेकॅनोच्याच धर्तीवर नट-बोल्टने जोडलेली होती. डबा उघडता येई, मोडलेला भाग काढून नवा बसवता येई, सुटे भाग विकतही मिळत. खेळणे मोडले म्हणजे संपले, असा हिशेब तेथे नव्हता. मुलाच्या हाताने जे दुरुस्त होणार नाही, ते कारखान्याकडे दुरुस्तीला पाठवण्याचीही सोय होती.

पैसे साठवणाऱ्या मुलाची गरज कंपनीने नेमकी ओळखली होती. आधी इंजिन, दोन डबे आणि रुळाचा गोल. पुढच्या वाढदिवसाला एखादी वाघीण, नाताळात एक सांधा, त्यानंतर सिग्नल आणि फलाट. रेल्वे एका रकमेत घ्यायची नाही, हप्त्याहप्त्याने वाढवायची. 'एम' मालिकेतील स्वस्त गाड्या कमी ऐपतीच्या घरांसाठी होत्या. १९१६ पासून निघणारे 'मेकॅनो मॅगझिन' आणि १९२८ मध्ये सुरू झालेला 'हॉर्नबी रेल्वे कंपनी' हा मुलांचा क्लब यांनी हा नाद वाढवत नेला. अर्थात, यात कंपनीचा धंदा होता हे उघड आहे. मुलाला सतत काहीतरी हवेसे वाटत राहावे, याची तजवीज त्यात होतीच.

सगळेच निर्णय शहाणपणाचे होते असेही नाही. १९२५ मध्ये आलेली पहिली विजेची गाडी, लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेची प्रतिकृती, घरातल्या थेट वीजपुरवठ्यावर मध्ये एक दिवा जोडून चालवायची होती. दिवाणखान्याच्या जमिनीवर पसरलेले उघडे रूळ आणि त्यात तसला दाब ही कल्पना आजच्या पालकांच्या अंगावर काटा आणणारी आहे. लवकरच कमी दाबाच्या मोटारी आल्या.

१९३१ मध्ये हॉर्नबी एव्हर्टन मतदारसंघातून हुजूर पक्षातर्फे ब्रिटिश संसदेवर निवडून गेले आणि १९३५ मध्ये त्यांनी राजकारण सोडले. १९३३ च्या अखेरीस रेल्वेच्या मांडणीला शोभा यावी म्हणून कंपनीने लहान मोटारी काढल्या. त्याच पुढे 'डिंकी टॉइज' या नावाने जगभर गेल्या. २१ सप्टेंबर १९३६ रोजी हृदयविकार आणि मधुमेहाने हॉर्नबी यांचे निधन झाले. उसन्या पाच पौंडांवर उभा राहिलेला हा माणूस मृत्यूसमयी लक्षाधीश होता. लिव्हरपूलजवळच्या मॅघल या गावातील सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे.

या माणसाच्या कामाची खरी परीक्षा त्याच्या पश्चात झाली आणि तिचा निकाल संमिश्र आहे. कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे आणि एनॅमल रंगाचे जुने डबे आजही तग धरून आहेत. पण तिसाव्या दशकात साच्यात ओतलेल्या जस्ताच्या मिश्रधातूची चाके वापरात आली. त्या धातूत शिशासारख्या अशुद्ध द्रव्यांचा अंश राहिला, की तो वर्षानुवर्षे आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. त्यामुळे अनेक गाड्यांच्या बाबतीत १९२५ चे साधे इंजिन धडधाकट आणि १९३५ चे देखणे इंजिन पांगळे, असा उलटा प्रकार दिसतो.

थोडक्या पैशांत जुनी गाडी घेऊन ती प्रत्यक्ष चालवू इच्छिणारे म्हणूनच आधी चाके पाहतात. बारीक भेगा असतील तर चाके बदलण्याचा खर्च किमतीत धरावा लागतो. मग चावी फिरवून स्प्रिंग घट्ट होते का आणि सोडल्यावर चाके एकसारखी फिरतात का, हे पाहिले जाते. अडलेले यंत्र बहुतेकदा मोडलेले नसते. कित्येक दशकांचे ग्रीस त्यात गोंदासारखे घट्ट झालेले असते. ते साफ करून पातळ तेलाचे दोन थेंब दिले, की काम भागते. मूळ खोक्यातल्या, रंग न उडालेल्या गाड्यांच्या किमती सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. मात्र महायुद्धानंतरच्या चावीच्या साध्या गाड्या, ओरखडे पडलेल्या वाघिणी किंवा कोणीतरी पुन्हा रंगवलेले डबे त्या मानाने बरेच स्वस्त पडतात, कारण कपाटात मांडणाऱ्यांना ते नको असतात. चालवणाऱ्याला त्याची फिकीर नसते. चावीच्या गाडीला ट्रान्सफॉर्मरही लागत नाही. दोन फूट त्रिज्येच्या रुळांचा गोल मांडायला चार फुटांहून थोडी अधिक जागा पुरते. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरातही पलंग सरकवला की ती निघते. गोल एक फुटाच्या त्रिज्येचा असेल तर पलंगही हलवावा लागत नाही.

हॉर्नबी यांच्यानंतर रोलँड यांच्या अमदानीत, १९३८ मध्ये, निम्म्या आकाराची 'डब्लो' ही गाडी आली. तिचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे होते. १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्स या प्रतिस्पर्धी कंपनीने मेकॅनो ताब्यात घेतली, साठच्या दशकातच ओ गेजच्या गाड्यांचे उत्पादन थांबले आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखानाही बंद पडला. हॉर्नबी हे नाव आज दुसऱ्या मालकीच्या कंपनीत टिकून आहे. पत्र्याच्या जुन्या गाड्यांचे सुटे भाग मात्र आता छोटे कारागीर आणि संग्राहकांच्या संघटनांमधून मिळतात. नट-बोल्टची बांधणी असल्याने नवा भाग जुन्या गाडीत बसवता येतो.

महाराष्ट्रात हा नाद पाहायचा तर पुण्यात कोथरूडला जावे लागते. भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी तेथे खुले झाले. तेथील गाड्या पत्र्याच्या आणि चावीच्या नाहीत. मूळच्या १/८७ मापाच्या त्या प्रतिकृती आहेत आणि विजेवर धावतात. त्यांच्या रुळांची रुंदीही १६.५ मिलिमीटर, म्हणजे १९३८ च्या डब्लोच्या रुळांइतकीच आहे.