८० एकर मागितली, १०० मिळाली आणि विनोबा १३ वर्षं चालतच राहिले

तारीख १८ एप्रिल १९५१. तेव्हाच्या हैदराबाद राज्यातल्या नलगोंडा जिल्ह्यात पोचमपल्ली नावाचं गाव होतं. जमीनदार आणि कम्युनिस्ट यांच्यातल्या सशस्त्र संघर्षाने हा सगळा पट्टा होरपळलेला होता. अशा ठिकाणी ५५ वर्षांचा एक किडकिडीत माणूस पोलिसांशिवाय, पायी चालत आला.

हे होते विनोबा भावे. मूळचे रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे, गांधीजींचे जुने सहकारी. वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमात तेव्हा ते पैशाशिवाय जगण्याचा प्रयोग करत होते. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं, त्यासाठी ते शेकडो किलोमीटर चालत गेले आणि संमेलन उरकून तेलंगणात शिरले.

पोचमपल्लीतली दलित कुटुंबं त्यांना भेटली. पोटापुरती ८० एकर जमीन मिळाली तर बरं, एवढीच त्यांची मागणी होती. सरकारकडे अर्ज करण्याआधी विनोबांनी गावकऱ्यांनाच विचारून पाहिलं. रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी १०० एकर देऊन टाकली.

ओळख ना पाळख, कायद्याची सक्ती नाही, तरी मागितल्यापेक्षा जास्त मिळालं. त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही. एका गावात हे घडतं, तर देशभर का नाही, हा प्रश्न डोक्यातून जाईना.

तिथून भूदान सुरू झालं.

सहावा मुलगा

विनोबांची मागण्याची पद्धत साधी होती. घरात पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असं ते जमीनवाल्यांना सांगायचे. तो वाटा जायचा भूमिहीनाला. तेलंगणातल्या पहिल्याच फेरीत सुमारे १२ हजार एकर जमीन मिळाली.

पुढे पहाटे अंधारात कंदील घेऊन निघायचं, पुढचं गाव गाठायचं, तिथे लोक देतील ती जागा आणि देतील ते अन्न घ्यायचं, हा दिनक्रमच झाला. शेकडो एकरवाले द्यायचे तसे जेमतेम जमीन असलेलेही द्यायचे. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मंगरोठ गावाने तर अख्ख्या गावाची जमीन दिली. त्यातून ग्रामदानाची कल्पना पुढे आली.

विनोबा दानाचा अर्थ भीक किंवा उपकार असा घेत नसत. दान म्हणजे वाटून घेणं, असं ते समजावत. त्यामुळे देणाऱ्याने मोठेपणा मिरवायचा नाही आणि घेणाऱ्याने मान खाली घालायची नाही.

सगळीकडे स्वागतच झालं असं नाही. १९५३ मध्ये बिहारमधल्या देवघरला दलितांना सोबत घेऊन मंदिरात जाताना त्यांच्यावर हल्ला झाला. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, अशी भूमिका विनोबांनी घेतली आणि यात्रा सुरूच ठेवली. १९६२ मध्ये ते पूर्व पाकिस्तानातूनही चालत गेले. तिथल्या लोकांनीही जमीन दिली.

पुढे त्या जमिनीचं काय झालं?

१९६४ मध्ये विनोबा पवनारला परतले. तोवर ४० लाख एकरांहून जास्त जमीन दान म्हणून जाहीर झाली होती. पण उद्दिष्ट होतं ५ कोटी एकरांचं. मिळालेल्यातली बरीच जमीन खडकाळ निघाली, काही वादात अडकली, तर काही कागदावरच राहिली. राज्यांनी भूदानाचे कायदे केले, तरी वाटप रखडत गेलं.

म्हणजे शब्द देणाऱ्यांची कमी नव्हती. सातबारा नावावर होईपर्यंत मागे लागणारे कमी पडले.

१५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारला विनोबांचं निधन झालं. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

आज पोचमपल्लीचं नाव निघालं की आधी इकत साड्या आठवतात. पण त्या गावाचं आताचं नाव आहे भूदान पोचमपल्ली. दारात आलेल्या एका पायी प्रवाशाला दिलेली १०० एकर जमीन गावाने आपल्या नावात कायमची जपून ठेवली आहे.