विश्लेषण : सलीम अलींचा ‘किहीम धडा’ वनरक्षकांसाठी आजही महत्त्वाचा का?

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळला अलिबागचा फाटा लागतो. त्या रस्त्याने कार्लेखिंडीपर्यंत जाऊन चोंढीमार्गे किहीम गाठता येते. डॉ. सलीम अली १९३० मध्ये याच गावात राहायला आले. दुर्मीळ पक्षी राखण्यासाठी वनरक्षकांना लागणारी कौशल्ये म्हणजे न हलता निरीक्षण, जागच्या जागी नोंद आणि इजा न करता पक्षी पकडून पायात कडे घालणे. ती त्यांनी आयुष्यभर जोपासली.

किहीमला का यावे लागले?

नोकरी गेली म्हणून! मुंबईत १८९६ मध्ये जन्मलेले सलीम अली प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याते होते. बर्लिनला एर्विन स्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून ते परतले, तर पैशांअभावी ते पदच रद्द झालेले.

सुगरणीने काय शिकवले?

पक्षी मारून, पेंढा भरून अभ्यासण्याचा तो काळ. सलीम अली मात्र किहीमला आडोशाला बसून जिवंत सुगरणींकडे तासन्तास पाहत राहिले. नाव सुगरण, पण खोपा विणतो नर. तो अर्धा झाला की मादी येऊन तपासते आणि पसंत पडला तरच राहते. मग नर दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. ही बाब नेमकेपणाने उलगडणारा त्यांचा अभ्यास १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पक्षी पकडणारेच गुरू?

पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने स्थलांतरित पक्ष्यांना कडी घालण्याची मोठी मोहीम घेतली. भरतपूरसारख्या ठिकाणी तिचा भार बिहारच्या मीरशिकारांवर होता. पक्षी धरणे हा त्यांचा पिढीजात धंदा. पिसालाही धक्का न लावता पक्षी कसा धरायचा, हे पदवीधरांनी त्यांच्याकडून शिकावे, असे ते कसब होते.

माळढोकाचे काय झाले?

माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा, असा सलीम अलींचा आग्रह होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झाले, तरी आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे जवळपास थांबले आहे. पक्षी इतके थोडे उरले की रक्षकाची एक चुकलेली नोंदही महागात पडते.

नामशेष समजला गेलेला ‘जेर्डन्स कोर्सर’ मात्र १९८६ मध्ये आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात पुन्हा सापडला. तो शोधला सोसायटीच्या संशोधकांनी, स्थानिक माणसांच्या मदतीने. सलीम अलींचे निधन पुढच्याच वर्षी झाले.